खांद्यामागचा कॅमेरा

होस्टेलमध्ये नवीन गेम आला की पहिला प्रश्न, "ग्राफिक्स कसे आहेत?" आणि दुसरा, "माझ्या मशीनवर चालेल का रे?" कॅमेरा कुठे ठेवलाय, हे कुणीच विचारत नाही. मी मात्र हल्ली तेच बघत बसतो. कारण क्रेटॉस नावाचा एक रागीट बाप!

२००५ चा पहिला 'गॉड ऑफ वॉर' आठवा. त्यात कॅमेरा आपल्या हातात नव्हताच, तो कुठंतरी लांब टांगलेला. क्रोनॉस या टायटनच्या पाठीवर साखळदंडांनी बांधलेलं अवाढव्य देऊळ आणि त्यात मुंगीएवढा क्रेटॉस, दिसेल त्याला कापत सुटलेला. भव्य! पण त्याच्या मनात काय चाललंय? राग. बास.

२०१८ च्या गेममध्ये दिग्दर्शक कोरी बार्लॉगने कॅमेरा उचलला आणि थेट क्रेटॉसच्या खांद्यामागे आणून ठेवला. वर पहिल्यापासून शेवटपर्यंत कट नाही, एकच सलग शॉट. (आपण मेलो की लोडिंग येतं, ते सोडा.) क्रेटॉस अरुंद कपारीतून हळूहळू सरकतो तेव्हा पुढचा भाग गुपचूप लोड होत असतो. हा जुगाड कॉम्प्युटरवाल्यांनी मुद्दाम बघावा.

पण कट नाही म्हणजे अवघड क्षणी नजर चुकवायचीही सोय नाही. बायकोच्या चितेला अग्नी दिल्यावर क्रेटॉस मुलाला, अट्रियसला, शिकारीला नेतो. हरीण मारताना पोरगं कोलमडतं. क्रेटॉसचा हात त्याच्या पाठीकडे जातो... आणि न टेकताच मागे येतो. आपल्या सिनेमात इथे हाताचा क्लोजअप आला असता, व्हायोलिन वाजलं असतं. इथे काही नाही. लक्ष नसेल तर निसटूनच जातं. माझे बाबा मला सोडायला स्टँडवर येतात, बॅग वर ठेवतात, "पोचलास की फोन कर" म्हणतात आणि एसटी सुटायच्या आत पाठ फिरवतात. तो मागे गेलेला हात मी लगेच ओळखला.

पुढे होडीतले प्रवास आहेत. बाप वल्हवतो, पोरगं पुढे बसून बडबडतं, बाप अतिशय रटाळ गोष्टी सांगतो. मग अट्रियस आजारी पडतो आणि क्रेटॉसला एकट्यालाच घराकडे परतावं लागतं. तीच होडी, कॅमेरा तिथेच, फक्त समोरची जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेने जे सांगितलं ते दहा पानी संवादाला जमलं नसतं, असं माझं मत.

क्रेटॉसच्या दोन्ही हातांना पट्ट्या बांधलेल्या असतात. खाली जुन्या साखळ्यांनी भाजल्याचे व्रण, म्हणजे २००५ चा तो सगळा रक्तपात. अगदी शेवटी, मुलासमोर, तो स्वतःहून त्या पट्ट्या सोडून टाकतो.

पुढचा भाग २०२२ साली आला, तोही असाच एका शॉटमध्ये. माझा अर्धाच झालाय. मध्ये सबमिशन्स आली!