एका दांड्यावरचा संसार

दिवाळीच्या साफसफाईत कोणत्या वस्तूवर गदा येईल याचा नेम नसतो. यंदा ती परसातल्या सुतारकामाच्या यंत्रावर आली. “किती वर्षं जागा अडवणार हे? द्या की भंगारात!” असा घरातून हुकूम सुटला. मी निमूटपणे फडके घेऊन परसात गेलो.

हे यंत्र आबांचे. पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांना ते सागवानी पॅटर्न करून देत. एक मोटर, एक पट्टा, एक दांडा. मध्ये रंध्याची पाती, एका टोकाला गोल करवत, दुसऱ्या टोकाला ड्रिल. एका खोलीत सारे कुटुंब राहावे, तशी ही हत्यारे नांदत. पण एक चालले की सारीच फिरणार! म्हणून नको असलेले पाते झाकल्याशिवाय आबा बटणाला हात लावू देत नसत. अर्धी तुटलेली करंगळी दाखवून म्हणत, “ह्या शाळेची फी मी भरलीया, तू परत भरू नगंस.”

असली कल्पना दूरदेशीही सुचली होती. अमेरिकेत 1947 च्या सुमारास हान्स गोल्डश्मिट याने घरगुती कारखान्यासाठी ‘शॉपस्मिथ’ आणले. त्यात करवत, लेथ आणि ड्रिल एकाच यंत्रात बसवले होते. जागा कमी आणि हौस मोठी, ही अडचण सगळीकडे सारखीच!

ओतीव लोखंड निवताना शेकडा सुमारे एक इतके आकसते. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. आबांची फूटपट्टीच त्या हिशेबाने लांब असे. तिने भूमितीची आकृती काढून मी एकदा गुरुजींचा मार खाल्ला होता. वाळूतून पॅटर्न अलगद निघावा म्हणून त्याच्या कडांना किंचित उतारही द्यावा लागे.

मी मात्र कारकुनी पत्करली. आबा काही बोलले नाहीत. ते थकले तेव्हा त्यांनी यंत्रावर मेणकापड टाकले, एवढेच.

परवा धूळ पुसताना यंत्राच्या लोखंडी बैठकीवरून हात फिरला आणि थबकला. कडेला तोच किंचित उतार होता! म्हणजे हे लोखंडही कधीकाळी कुणा मिस्त्रीच्या हातचे लाकूड होते. इतकी वर्षे घरात असून मला ते ठाऊक नव्हते. विचारायला आता आबा नव्हते.

संध्याकाळी त्यांच्या बरोबरीच्या एका मिस्त्रींना बोलावले. त्यांनी पट्टा बदलला, पाती झाकली, मग करवत चालवली. मी नुसती फळी धरली. लक्ष्मीपूजनासाठी एक पाट तयार झाला. एक बाजू जरा मोठी भरली.

“असू दे,” मी म्हणालो, “निवल्यावर बसेल बरोबर.”

मिस्त्री हसले. लाकूड निवत नाही, हे मलाही ठाऊक होते. पण भंगारवाल्याला मी अजून निरोप धाडलेला नाही.