टोचन

'टॉर्क म्हणजे काय?' असं व्हायवात विचारलं तर आपल्यापैकी कोणीही झोपेतून उठून उत्तर देईल. फोर्स गुणिले रेडियस! मीसुद्धा दिलं होतं, तेही फाडफाड इंग्रजीत. कॉन्व्हेंटच्या कृपेने सर खूश झाले. पण मित्रमैत्रिणींनो, या वाक्याचा अर्थ मला कळला तो आमच्या कॉलेजात नाही, बोर्ली पंचतनला, मामाच्या पिकअपमागे उभं राहून. आणि ज्या पद्धतीने कळला त्याची मला अजून लाज वाटते.

बोर्ली पंचतन म्हणजे श्रीवर्धन तालुक्यातलं बाजाराचं गाव. दिवेआगर जवळच, पलीकडे भरडखोलचा कोळीवाडा. मामाची पिकअप तिथे सगळं करते. मासळी, बर्फ, नारळ, सुपारी, लग्नातली भांडी, काहीही. आणि मे महिना संपत आला की होड्या ओढते. 1 जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागते, त्याआधी होड्या वर घ्याव्या लागतात. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं, तेव्हापासून तर मामा म्हणतो, "होडी जितकी वर, तितकी झोप शांत."

तर झालं असं. एप्रिलमध्ये हॉस्टेलवर मामाचा फोन आला. कोणीतरी आपल्या जीपचे 31 इंची टायर रिमसकट स्वस्तात काढत होता. मामाने विचारलं, "काय गो बाय, ओढायला बरे पडतील ना? वाळूत गाडी रुतते माझी." मी कॅन्टीनच्या रांगेत होते. सबमिशन डोक्यावर होतं. म्हटलं, "हो रे मामा, मोठं चाक म्हणजे ग्रिप जास्त. घे बिनधास्त." फोन ठेवला आणि वडापाव घेतला. झालं माझं इंजिनिअरिंग कन्सल्टेशन!

मामाने टायर घेतले. घासू नयेत म्हणून पाटे थोडे उचलून घेतले. गावात सांगितलं, "भाची मेकॅनिकलला आहे, तिने सांगितलंय."

मे अखेरीस मी गेले तेव्हा गाडी खरंच रुबाबदार दिसत होती. एका ओळखीच्या माणसाची फायबरची होडी चाकांच्या गाड्यावर चढवली, दोर लावून टोचन केलं. वाळूत पिकअप झकास चालली. मी मनात म्हटलं, बघा! मग सिमेंटचा चढ लागला. दरवर्षी पहिल्या गिअरमध्ये कुरकुरत का होईना, ती चढायची. या वेळी अर्ध्यावर इंजिन दबलं. मामाने हाफ क्लचवर रेटलं आणि जळका वास सुटला. त्याने ब्रेक दाबून हँडब्रेक ओढला. तरीही गाडी हळूहळू मागे सरकू लागली. मागे होडीला हात लावून दोघे उभे होते. एकाने उडी मारली, दुसऱ्याने चाकामागे दगड टाकला. गाडा तिरका होऊन भिंतीला लागला आणि होडीचं सुकाणू मोडलं. माणसं वाचली हे नशीब.

त्या रात्री झोप येईना. वही काढली. मूळ टायर 215/75 आर 15. म्हणजे रुंदी 215 मिमी, उंची तिच्या 75 टक्के, रिम 15 इंच. एकूण व्यास सुमारे 703 मिमी. नवा टायर 31 इंच, म्हणजे 787 मिमी. जवळजवळ 12 टक्के मोठा. आता इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, क्राऊन-पिनियन तेच. ॲक्सलला मिळणारा टॉर्क बदलला नाही. पण रेडियस वाढली की जमिनीला लागणारा जोर तितक्याच पटीत घटतो. आधी 800 किलोची ओढ मिळत असेल, तर आता सुमारे 715. सपाटीवर हे जाणवत नाही, चढावर टोचन लावल्यावर जाणवतं. ब्रेकचंही तेच गणित. ड्रम तोच, पण चाक मोठं, म्हणून गाडी धरून ठेवायचा जोर कमी. हँडब्रेक का सुटला, ते कळलं.

आणखी एक. मीटर चाकाचे फेरे मोजतो. गाडी 100 किलोमीटर धावली तर तो 89 दाखवणार. मामा भाडं किलोमीटरवर घेतो. म्हणजे महिनाभर तो दर शंभरातले अकरा किलोमीटर फुकट धावत होता! शिवाय मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार आरसी बुकातल्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, हेही मी सांगायला हवं होतं.

मोठ्या टायरचा फायदा नाही असं नाही. रुंद टायर वाळूत कमी रुततो, गाडी जमिनीपासून उंच राहते. पण मोठ्या टायरने ओढायचं असेल तर क्राऊन-पिनियनही त्या हिशोबाने बदलावं लागतं, आणि तो खर्च मोठा. वाळूपुरतं मूळ टायरमधली हवा कमी केली, आणि रस्त्याला लागताना परत भरली, तरी बरंच भागतं. मामाची अडचण फुकटात सुटली असती.

सकाळी मी मामाला वही दाखवली. समजावताना मराठीत शब्दच सापडेनात. 'आर्म', 'रेडियस', 'ट्रॅक्टिव्ह फोर्स' असं चाललं होतं माझं. मामा ऐकून घेत होता. मग म्हणाला, "म्हणजे नट खोलायला पान्याचा दांडा लांब असला तर आपला फायदा. इथे तोच दांडा लांब झाला, पण इंजिनाच्या विरुद्ध. असंच ना?"

असंच. दोन वर्षं शिकून मला जे सुचलं नाही ते त्याने एका वाक्यात सांगितलं.

सुकाणूचे पैसे मामाने भरले, जुने टायर परत चढवले. मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. गावात आजही कोणी विचारलं तर सांगतो, "टायर मीच हौसेने घेतले होते."

असो. परीक्षेत उत्तर चुकलं तर आपले दोन मार्क जातात. घरच्या माणसाला दिलेलं उत्तर चुकलं तर दुसऱ्या कोणाचं तरी काहीतरी मोडतं. गेल्या आठवड्यात मामाचा परत फोन आला. पिकअपच्या मागे लोखंडी हूक बसवायचा आहे, कुठे वेल्डिंग करू, म्हणून. अजूनही तो मलाच विचारतो!

मी रांगेतून बाहेर आले आणि म्हटलं, "थांब मामा, आधी कागद घेते."