गोल किती, सामने किती

फुटबॉल संघाच्या अगदी पुढच्या फळीत राहून प्रतिस्पर्ध्याच्या गोलजाळ्यात चेंडू धाडण्याचे काम ज्या खेळाडूकडे मुख्यत्वे असते, त्याला स्ट्रायकर किंवा आघाडीपटू म्हणतात. बचावपटूने वेळीच अडवलेला चेंडू किंवा मध्यरक्षकाने नेमक्या जागी दिलेला पास सामना संपल्यावर फारसा कोणाच्या लक्षात राहत नाही. आघाडीपटूचा सगळा जमाखर्च मात्र गोलांत मांडला जातो आणि त्याचे नावही त्या आकड्यासकटच पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते. हा जमाखर्च मांडताना एक रकाना बहुतेक वेळा कोरा राहतो, तो म्हणजे इतके गोल करण्यासाठी त्या खेळाडूच्या वाट्याला मुळात सामने किती आले. मणिपूरच्या नगांगोम बाला देवी हिच्या कारकिर्दीचा विचार या कोऱ्या रकान्यापासून सुरू केला, तर भारतीय महिला फुटबॉलचे दुखणे जितके स्पष्ट दिसते तितके ते कोणत्याही विजयाच्या किंवा पराभवाच्या वर्णनातून दिसत नाही.

बाला देवीचा जन्म १९९० मध्ये मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्ह्यातील इरेंगबाम येथे झाला. वरिष्ठ गटाच्या राष्ट्रीय महिला अजिंक्यपद स्पर्धेवर मणिपूरचे वर्चस्व होते, आणि तिच्या आधीच्या पिढीतील ओइनाम बेमबेम देवीने मुलींपुढे एक चालतीबोलती वाट ठेवली होती. त्यामुळे या मुलीने किशोरवयातच भारताच्या संघापर्यंत मजल मारली, याचे मणिपुरात फारसे नवल वाटण्याचे कारण नव्हते. पुढे ती मणिपूर पोलीस दलात दाखल झाली. खेळाडूला खेळाच्या गुणवत्तेवर सरकारी नोकरी देऊन तिच्याकडून विभागाच्या संघासाठी खेळ करून घेण्याची पद्धत भारतात जुनी आहे, आणि त्या पद्धतीकडे तुच्छतेने पाहणे अन्यायाचे ठरेल. ज्या काळात महिलांना पगार देऊन खेळवणारा क्लब देशात औषधालाही सापडत नव्हता, त्या काळात महिन्याच्या महिन्याला हाती येणाऱ्या या वेतनावरच असंख्य मुलींचा खेळ टिकून राहिला. मात्र नोकरीने पोटाचा प्रश्न सुटला तरी सामन्यांचा सुटला नाही. राज्य आणि विभागीय स्पर्धांचे थोडे दिवस वगळले, तर वर्षाचा बराचसा काळ नुसत्या सरावात जात असे.

राष्ट्रीय संघाची अवस्थाही वेगळी नव्हती. सलग दीड वर्ष एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळणाऱ्या संघाला फिफा, म्हणजे फुटबॉलची जागतिक नियामक संस्था, निष्क्रिय ठरवून क्रमवारीतून वगळत असे, आणि २००९ मध्ये भारताच्या महिला संघावर हीच वेळ आली. त्यावेळी बाला देवी १९ वर्षांची होती. आघाडीपटूच्या पायांत वेग आणि धाडस भरात येण्याचा हा काळ, आणि नेमका त्याच काळात तिच्या देशाचा संघ जगाच्या यादीत नव्हता. २०१० पासून दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाची, म्हणजे सॅफची, महिला स्पर्धा सुरू झाल्यावर थोडी उसंत मिळाली. २०१४ मध्ये इस्लामाबादला झालेल्या या स्पर्धेत तिने एकटीने १६ गोल केले आणि भारताने अंतिम सामन्यात नेपाळला ६-० असे हरवले. हे आकडे डोळे दिपवणारे असले तरी ते जपूनच वाचले पाहिजेत, कारण त्या काळी या प्रदेशातील काही संघ भारतापेक्षा फारच दुबळे होते. एका स्पर्धेत गोलांची खैरात आणि मग दीर्घकाळ काहीच नाही, अशा अवर्षणाच्या चक्रात कोणत्याही आघाडीपटूची खरी पारख होत नसते.

क्लबांसाठीची राष्ट्रीय पातळीवरील भारतीय महिला लीग २०१६-१७ च्या हंगामात सुरू झाली. लीग म्हणजे वास्तविक प्रत्येक संघाने प्रत्येकाशी घरच्या आणि परक्या मैदानावर खेळण्याची, महिनोन्महिने चालणारी स्पर्धा. परंतु आरंभीच्या हंगामांत अंतिम फेरीचे सर्व संघ एका शहरात जमत आणि थोड्या आठवड्यांत सारे उरकून परतत. २०१८-१९ च्या हंगामाची अंतिम फेरी लुधियानाला झाली. मणिपूर पोलीस संघ सेतू एफसीकडून अंतिम सामन्यात हरला, पण २६ गोलांसह त्या हंगामात सर्वाधिक गोल करणारी खेळाडू बाला देवीच ठरली.

या २६ गोलांनंतर जे घडले ते भारतीय फुटबॉलमध्ये पूर्वी घडले नव्हते. बेंगळुरू एफसी आणि ग्लासगोचा रेंजर्स हे दोन क्लब २०१९ मध्ये सहकार्याच्या कराराने जोडले गेले होते. त्या ओळखीतून बाला देवीला नोव्हेंबरमध्ये निवडचाचणीसाठी बोलावणे आले, आणि २९ जानेवारी २०२० रोजी रेंजर्सने तिच्याशी १८ महिन्यांचा व्यावसायिक करार केला. तिला मिळालेली जर्सी १० क्रमांकाची होती, आणि हा क्रमांक फुटबॉलच्या परंपरेत संघातील सर्वांत कल्पक आक्रमकासाठी राखलेला मानला जातो. परदेशी क्लबांतून याआधीही काही भारतीय महिला खेळल्या होत्या. बेमबेम देवी मालदीवमध्ये आणि गोलरक्षक अदिती चौहान इंग्लंडमध्ये वेस्ट हॅमकडून खेळली होती. तथापि युरोपातील सर्वोच्च श्रेणीच्या लीगमध्ये केवळ गोल करण्यासाठी पगारावर नेमलेली भारतीय महिला स्कॉटलंडला प्रथमच पाहायला मिळत होती. करार झाला त्यावेळी तिची तिशी चार दिवसांवर आली होती, ही गोष्टही विसरता कामा नये. युरोपातील मुलगी क्लबच्या अकादमीत ज्या वयात शिस्तबद्ध प्रशिक्षण सुरू करते, त्या वयापासून मोजले तर ही संधी वीसेक वर्षे उशिराने आली होती.

तिथे शिकण्यासारखे पुष्कळ होते. युरोपीय पद्धतीत आघाडीपटूने चेंडूची वाट पाहत उभे राहणे चालत नाही. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की त्याच क्षणी त्याच्या बचावपटूवर धावून जाऊन त्याला घाईने चूक करायला लावावी लागते. प्रेसिंग नावाचे हे काम दमछाक करणारे असते आणि त्याची नोंद गोलांच्या रकान्यात होत नाही. ही सवय अंगी मुरते ती सामन्यांमागून सामने खेळून, आणि सामन्यांनी तर इथेही पाठ फिरवली. स्कॉटिश महिला प्रीमियर लीगचा २०२० चा हंगाम सुरू होतो न होतो तोच कोविडच्या साथीने बंद पडला आणि पुढे रद्दच झाला. नवा हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू झाला आणि २०२१ च्या प्रारंभी तोही काही महिने थांबवावा लागला. या दोन टाळेबंदींच्या मधल्या फटीत, ६ डिसेंबर २०२० रोजी, मदरवेलविरुद्धच्या सामन्यात बाला देवी उत्तरार्धात बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरली आणि सामना संपत आला असताना तिने रेंजर्ससाठीचा आपला पहिला अधिकृत गोल केला. रेंजर्सने हा सामना ९-० असा जिंकला, म्हणजे निकालाच्या दृष्टीने त्या गोलाची गरज नव्हती. तरीही युरोपातील सर्वोच्च श्रेणीच्या व्यावसायिक लीगमध्ये भारतीय महिलेने केलेला तो पहिला गोल होता आणि त्याचे मोल स्पर्धेच्या तक्त्यावरून ठरणारे नाही.

पुढे दुखापत आडवी आली. गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना बांधून ठेवणारा, नडगीला पुढे घसरू न देणारा एक चिवट पट्टा असतो; वैद्यकात तो एसीएल या संक्षेपाने ओळखला जातो. धावता धावता एकदम दिशा बदलताना किंवा उडी मारून उतरताना तो तुटतो, आणि महिला फुटबॉलपटूंमध्ये ही दुखापत पुरुषांच्या तुलनेत अधिक आढळते. शस्त्रक्रियेनंतर परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष जाते. बाला देवीचे हे वर्ष नेमके घरच्या आशियाई चषकाच्या तोंडावर गेले. २० जानेवारी २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी केली, तेव्हा देशाची सर्वाधिक गोल करणारी खेळाडू संघात नव्हती. त्यानंतर कोविडबाधित खेळाडूंमुळे तैवानविरुद्ध संघच उभा करता आला नाही आणि यजमान भारत स्पर्धेतून बाद झाला.

त्याच वर्षाच्या ऑगस्टमधला एक प्रसंग या साऱ्याचे मूळ दाखवतो. भारतीय फुटबॉल महासंघाच्या कारभारात बाहेरील हस्तक्षेप झाल्याचे कारण देऊन फिफाने महासंघाला निलंबित केले आणि आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या गोकुलम केरळच्या मुलींना एकही सामना न खेळता परतावे लागले. त्याच आठवड्यात, १८ ऑगस्टला, पूर्वी गोकुलमकडूनच खेळलेली पंजाबची मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलॉन संघातर्फे युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली आणि या स्पर्धेत खेळणारी पहिली भारतीय ठरली. परदेशी गेलेल्या मुलीला सामना मिळाला, देशात राहिलेल्यांचा हिरावला गेला. आणि यात दोन्हीकडच्या खेळाडूंच्या गुणवत्तेचा काडीचाही संबंध नव्हता.

बाला देवी मात्र परतली. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी काठमांडूला सॅफ स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध तिने भारतासाठीचा ५० वा गोल केला आणि हा टप्पा गाठणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. तिच्या शेजारी कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेअरचे १९० आंतरराष्ट्रीय गोल ठेवले, तर अंतर प्रचंड वाटते. पण सिंक्लेअरला देशासाठी ३३१ सामने खेळायला मिळाले, हेही त्याच ओळीत लिहिले पाहिजे. २०२४-२५ च्या हंगामात भारतीय महिला लीगचे सामने घरच्या आणि परक्या मैदानांवर झाले, ही निःसंशय प्रगती होती. तरीही त्या हंगामात लीगमध्ये आठच संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला १४ सामने आले. पुढच्या बाला देवीला तिशीची वाट पाहायला लावायची नसेल, तर महासंघाने आणि क्लबांनी हा सामन्यांचा आकडा दुप्पट केला पाहिजे.