बाबांची गाडी आणि बादलीभर गरम पाणी

खरं सांगू का, पुण्यात माझी गाडी कोण धुतं, हे मला अलीकडेच कळलं. सोसायटीत सकाळी साडेपाचला एक जण येतो, ओलं फडकं फिरवतो, महिन्याच्या एक तारखेला पैसे नेतो. संपलं! गाडीला हात लावायचा तो फक्त दार उघडण्यापुरता. तुमचंही असंच असणार, म्हणून हे सांगायची हिंमत करतोय.

२०२४ च्या डिसेंबरात चार दिवसांची रजा टाकून पुसदला गेलो. माझ्या टीममध्ये पुसद म्हटलं की लोक 'कुठे आलं हे?' असा चेहरा करतात. वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन नाईक मुख्यमंत्री या गावाने राज्याला दिले, हे सांगून झालं की मी विषय बदलतो. थंडीबद्दल मात्र कुणी विचारत नाही, कारण विदर्भ म्हणजे ऊन असं सगळ्यांचं ठरलेलं. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला होता, हे त्यांच्या गावीही नसतं. पुसद तर चहूबाजूंनी डोंगरांत बसलेलं. ट्रॅव्हल्समधून पहाटे उतरलो आणि जॅकेट बॅगेत सगळ्यात खाली ठेवल्याचा पश्चात्ताप झाला.

रजेचं कारण होतं गाडी. बाबांची सिल्व्हर रंगाची मारुती ८००, नंबर एमएच-२९ चा, २००४ सालची. कॉलेजात शिकवत असताना पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेली. पंधरा वर्षं झाली तेव्हा २०१९ मध्ये तिचं रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी वाढवून घेतलं होतं. ती मुदत आता संपत होती. पुन्हा वाढवायचं तर दिग्रसमार्गे यवतमाळला नेऊन तपासणी करून घ्यायची, आणि फी तेव्हा ६०० नव्हती, एप्रिल २०२२ पासून ५००० रुपये झाली होती. मी फोनवर हिशेब मांडला होता. मॉडेल २०१४ च्या जानेवारीतच बंद झालंय, तुमच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, गुडघे असे. विकून टाका ना! बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "तू ये. आधी गाडी धुऊ. मग पाहू."

दुसऱ्या दिवशी रविवार. मला वाटलं, बाबा उठायच्या आत गाडी चकाचक करून ठेवावी. सहा वाजता अंगणात आलो. गाडीवर दव, दवाखाली धुळीचा थर, वायपरमध्ये कापसाचे पुंजके अडकलेले (हंगामात रस्त्याने कापसाच्या गाड्या जातात, त्यांचा प्रसाद सगळ्यांना मिळतो). नळाच्या पाण्यात बोट घातलं आणि लगेच बाहेर काढलं. मग डोकं चालवलं. गीझर लावला, कडकडीत बादली भरली आणि पहिलाच तांब्या समोरच्या काचेवर ओतला.

आवाज अगदी लहान झाला. टिक! दिग्रसच्या रस्त्यावर कधीतरी खडा लागून काचेच्या कोपऱ्यात तांदळाएवढा टवका उडालेला होता. तिथून एक रेघ निघाली आणि माझ्या डोळ्यांदेखत ड्रायव्हरच्या बाजूपर्यंत गेली.

कारण नंतर समजलं, म्हणजे शाळेत शिकलेलंच आठवलं. रात्रभर गारठलेल्या काचेचा वरचा थर गरम पाण्याने एकदम प्रसरण पावतो, आतला थंडच राहतो, आणि ताण जिथे आधीच दुखापत आहे तिथे फुटतो. समोरची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा घालून केलेली असते, म्हणून तिचे तुकडे होऊन खाली पडले नाहीत. पण तडा तो तडाच.

बाबा स्वेटर चढवत बाहेर आले. "गाडीले आंघोळ घालून रायला का बे, एवढ्या थंडीत?" म्हणत हसत होते. जवळ आले, वाकले, काचेवरून बोट फिरवलं. त्या बोटानेच त्यांना कळलं असावं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुद्दाम केलं का तू?"

नाही म्हणालो. दोनदा म्हणालो. पण आठवडाभर 'विका, विका' म्हणून कान किटवलेल्या माणसाने नाही म्हणण्यात काय दम असणार? त्या दिवशी जेवताना ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत. आईने पोळी वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखी आत गेली.

रात्री शिकागोच्या चुलतभावाला फोन केला, तर तो खो खो हसला. त्यांच्याकडे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीच्या पोटाला चिकटून लोखंड खातं. त्यामुळे हिवाळ्यातही गाडी धुवावीच लागते, पण पारा शून्याच्या वर असेल त्या दिवशी. नाहीतर दाराच्या रबरात राहिलेलं पाणी गोठून दारंच उघडत नाहीत. "आणि काचेवर उकळतं पाणी? आमच्याकडे ही चूक नवीन आलेले करतात," म्हणाला. मी पुसदचाच, पण हिशेबाने नवीनच आलेला.

काच यवतमाळहून मागवावी लागली. पैसे मी दिले, बाबांनी देऊ दिले, यावरूनच त्यांचा राग किती ते समजा. मंगळवारी ती बसली. एक रात्र जाऊ दिली आणि बुधवारी आमची खरी धुलाई झाली.

सकाळी दहाच्या आत बाबांनी हात लावू दिला नाही. ऊन डोंगरावरून अंगणात उतरलं, पत्र्याचा गारठा गेला, मग खुर्ची टाकून बसले आणि सूचना सुरू. आधी नुसतं पाणी, टपापासून खाली, धूळ वाहून जाईपर्यंत. कोरडं फडकं लावलं की धुळीचा पॉलिशपेपर होतो! कपड्यांची पावडर नाही, शाम्पू. पावडरने रंगावरचं मेण निघून जातं. दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला. चाकांचं फडकं वेगळं आणि शेवटी. मोटर बंद करताना हात पुसून, पायात चप्पल घालून. पाणी किती गरम? "तुह्या हातापुरतं. गाडीले थंडी वाजत नाही."

पुसणं मात्र त्यांना स्वतः करायचं होतं. आमचं बोअरचं पाणी जड, उन्हात आपोआप वाळलं तर पांढरे डाग उमटतात. सावलीत ठेवावी तर या दिवसांत पाणी फटींत तसंच राहतं आणि गंज धरतो. म्हणून उन्हात धुवायची, पण हाताने लगेच टिपायची. मी पुण्याहून आणलेलं मायक्रोफायबर त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि मान्य केलं. याआधी जुने शर्ट वापरायचे, बटणं काढून.

ते डावं दार पुसत होते. एकच जागा पुन्हा पुन्हा. खाली हातभर चिखलाचा ओघळ तसाच होता, तो त्यांना दिसतच नव्हता. मी काही न बोलता तो पुसला. त्यांना कळलं.

"मी नाही चालवत आता," ते म्हणाले. "दिवाळीपासून नाही."

मग गाडी ठेवायची कशाला, हे ओठांवर आलेलं. पण सगळी दारं, बॉनेट, डिकी उघडून वाळवायची होती, म्हणून मी डिकीतली चटई ओढली. खाली पुठ्ठ्यावर लाल रंगाने मोठा 'एल' काढलेला, दोरीसकट. अक्षर बाबांचं.

मागे वळलो तर आई चहाचे कप घेऊन उभी. वय ५८. "लर्निंग आलंय माझं," ती म्हणाली. "रविवारी पहाटे पूस धरणाच्या रस्त्याला जातो आम्ही, शिकवायला एक जण येतो. तू हसशील म्हणून नाही सांगितलं." मी हसलो नाही. मागच्या रविवारी मी त्यांचा क्लासही बुडवला होता, हे तेव्हा लक्षात आलं.

दाराच्या खालच्या कडेची भोकं काडेपेटीच्या काडीने मोकळी केली, त्यातून घोटभर पाणी निघालं. ब्रेक ओले असताना हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, मागचे लायनर चिकटतात, म्हणून चाकाला वीट लावली होती. ती काढली. आता एक चक्कर मारून ब्रेक वाळवायचे होते. मी सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे गेलो.

"मागे बस," बाबा म्हणाले.

लायसन्सवाला शेजारी हवा, असं मी म्हटलं, तर ते म्हणाले, "मग तू पुढे बस. मी मागे." असं एरवी कधी झालं नव्हतं. आईने साडीचा पदर खोचला, आरसा आपल्यापुरता वाकवला, 'एल' पुढे लटकवल्याची खात्री केली. नदीकडच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी लागली तशी बाबा मागून सांगू लागले, "हळू... आता ब्रेक... सोड... पुन्हा ब्रेक." नव्या काचेतून ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. आईने एका हाताने सनशेड खाली केली. बाबा ओरडले, "हात स्टिअरिंगवर!"