चार्ज वाचायला शिकताना

फौजदारी खटल्यातला चार्ज, म्हणजे दोषारोप, बहुतेक वेळा एकच लांबलचक वाक्य असतं. तुम्ही अमुक तारखेला किंवा त्या सुमारास, अमुक ठिकाणी, अमक्या माणसाच्या बाबतीत अमुक कृत्य केलंत, आणि त्यायोगे अमुक कलमाखालचा गुन्हा केलात, अशी त्याची चाल. कापडे-उमरठकडून किंवा विन्हेरे-वाळणकडून मराठी शाळेत शिकून आमच्या महाड कोर्टात येणाऱ्या नव्या वकिलांना या इंग्रजी वाक्याची धास्ती वाटते. मीही त्याच वाटेने आलो. फिर्याद, पंचनामा, जबाब, मुद्देमाल, जातमुचलका हे शब्द आमच्याकडे जमिनीच्या वादांनी घरोघरी पोचवलेले असतात. इंग्रजी चार्ज मात्र शिकावाच लागतो, आणि तो शिकायची एक पद्धत आहे.

ज्युनियर विचारतात, कोणती डिक्शनरी घेऊ? मी सांगतो, डिक्शनरी राहू द्या, आधी व्याख्येचं कलम उघडा. ग्रीव्हस हर्ट म्हणजे जबर दुखापत, हे पाठ करायला क्षणभर पुरतो. पण वाडीवर एखादा म्हणतो, 'लई जबर मारलं', तेव्हा त्याच्या मनात असतो तो मार खाताना झालेला त्रास आणि चारचौघांत गेलेली अब्रू. कायद्याने मात्र या दुखापतीचे आठ प्रकार मोजून सांगितले आहेत : डोळ्याची दृष्टी किंवा कानाची श्रवणशक्ती कायमची जाणं, एखादा अवयव किंवा सांधा निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं वा निखळणं, अशी ती यादी आहे. शेवटच्या प्रकारात जिवाला धोका, किंवा तीव्र वेदनांचे ठरावीक दिवस येतात. दंड संहितेत हे दिवस वीस होते, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पंधरा झाले. हे वाचलं की ज्युनियरला आपोआप कळतं, पुढचा कागद कोणता शोधायचा. एक्स-रे आहे का? हाड मोडल्याचं डॉक्टर शपथेवर सांगतील का?

म्हणून मी वहीत तीन रकाने करायला लावतो. पहिल्यात कायद्याचा शब्द, दुसऱ्यात त्या शब्दाचे घटक, तिसऱ्यात प्रत्येक घटकाला आधार कोणाचा : साक्षीदार, पंच, डॉक्टर की कागद. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर सरकारी वकिलाचं काम तिथे अडणार आणि बचाव तिथूनच सुरू होणार. आता चौथाही रकाना लागतो, कलमांच्या जोडीचा. 323 चं 115(2) झालं, 324 चं 118(1), 34 चं 3(5). गुन्हा 1 जुलै 2024 च्या आधी घडलेला असेल तर जुनंच कलम लागतं, त्यामुळे पुढची कितीतरी वर्षं दोन्ही आकडे तोंडी असायला हवेत.

मुंबई-गोवा महामार्ग महाड-पोलादपुरातून जातो आणि पुढे कशेडी घाट लागतो. त्यामुळे आमच्या कोर्टातला एक नेहमीचा विषय म्हणजे अपघात. फिर्यादीत ठरलेलं वाक्य येतं : आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवले. चार्जमध्ये त्याचं रॅश किंवा नेग्लिजंट होतं. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून सांगतो, 'गाडी लई जोरात होती.' तेवढ्याने घटक सिद्ध होतो का? सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या खटल्यात म्हटलं आहे की नुसत्या जास्त वेगावरून हयगय किंवा बेदरकारपणा ठरत नाही. वेग किती, वळण कसं होतं, धुकं होतं का, ब्रेकच्या खुणा कुठून कुठपर्यंत, गाडी आपल्या बाजूला होती की नाही, हे पंचनाम्यातून यावं लागतं. रॅश हा शब्द असा घाटातल्या पंचनाम्याशी लावून वाचला की तो पुन्हा विसरत नाही.

दोन शब्दांमधलं अंतर किती मोठं असतं, हे महाडने 24 ऑगस्ट 2020 नंतर पाहिलं. तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि सोळा माणसं गेली. गुन्हा नोंदवताना 304 आणि 304-अ अशी दोन्ही कलमं लागली. पहिलं सदोष मनुष्यवधाचं. त्यात मृत्यू किंवा मृत्यू ओढवू शकेल अशी इजा घडवण्याचा उद्देश तरी हवा, नाहीतर आपल्या कृत्याने मृत्यू ओढवण्याचा संभव आहे याची जाणीव तरी हवी. दुसरं हयगयीने मृत्यू घडवण्याचं. एकाची शिक्षा दहा वर्षांपर्यंत, प्रसंगी जन्मठेपेपर्यंत जाते. दुसऱ्याची तेव्हा दोन वर्षांपर्यंतच होती, नव्या संहितेत ती पाच वर्षांपर्यंत नेली आहे. त्या खटल्यातला दोष कोणाचा, हे कोर्टच सांगेल. शिकणाऱ्याने एवढंच पाहावं की सारं काही 'जाणीव' या एका घटकावर येऊन ठेपतं, आणि कोणाच्या मनातली जाणीव कागदपत्रांतून दाखवणं हे फौजदारी कामातलं फार अवघड काम आहे.

शब्द लिहिला की तो सिद्ध करायची जबाबदारी येते, याचा मोठा धडा आमच्याच गावचा आहे. तो खटला दिवाणी होता, पण शिकवण तीच. चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर डिसेंबर 1927 मध्ये काही सवर्ण रहिवाशांनी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध महाडच्या कोर्टात दावा लावला. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची अनादी काळापासूनची रूढी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. खालच्या कोर्टात निकाल विरुद्ध गेला तरी ते अपिलात गेले. अखेर 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की रूढी अनादी असल्याचं वादींना सिद्ध करता आलेलं नाही. दाव्यातला सगळ्यांत भारदस्त शब्दच पुराव्याविना उभा होता. महाडला वकिली करणाऱ्या प्रत्येकाने तो इंग्रजी निकाल वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

मग इंग्रजी हवंच का? चार्ज कोर्टाच्या भाषेत लिहावा असं प्रक्रिया कायदाच सांगतो, आणि 1998 च्या अधिसूचनेने आपल्या जिल्हा व तालुका कोर्टांची भाषा मराठी आहे. दोषारोप मराठीत लिहिला जावा, हाच माझा आग्रह आहे. पण घटनेच्या 348 व्या अनुच्छेदाप्रमाणे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, नजिरा इंग्रजीत येतात. मुंबईचा निकाल महाडच्या आरोपीला लागू करून दाखवायचा, तर दोन्ही भाषा वकिलालाच पेलाव्या लागतात.

आणि आरोपीला चार्ज नुसता वाचून दाखवायचा नसतो, समजावून द्यायचा असतो, हीही कायद्याचीच आज्ञा आहे. बांधावरच्या भांडणात घातक हत्याराने दुखापत केल्याचं 324 कलम लागलेले एक वयस्क गृहस्थ चार्जच्या तारखेला म्हणाले, 'वकीलसाहेब, भांडण झालं ते खरंय. कबूल म्हणून टाकतो. देवासमोर काय आणि कोर्टासमोर काय.' मी म्हटलं, 'बाबा, भांडण झालं का, असं साहेब विचारणार नाहीत. तुम्ही कोयतीने मारलंत का, आणि मुद्दाम मारलंत का, हे विचारतील.' ते थांबले, मग म्हणाले, 'कोयती हातात होती. कवळ तोडून येत होतो. मारायला नाय उचलली.' भांडणाची कबुली आणि गुन्ह्याची कबुली यांत केवढं अंतर आहे, ते त्यांना त्या घडीला उमगलं. त्यांचं म्हणणं खरं की खोटं, हे पुराव्यावर ठरायचं होतं. पण ते त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं.

माझ्या टेबलाशी बसणाऱ्या प्रत्येकाची मी हीच परीक्षा घेतो. इंग्रजी चार्ज हातात द्यायचा आणि म्हणायचं, हा आता पोलादपूरच्या शेतकऱ्याला सांगा. कलमाचा आकडा न उच्चारता, एकही घटक न गाळता, आपल्या पदरचं काही न घालता. ज्याला हे जमतं त्याला फौजदारी इंग्रजी आलं असं मी धरतो. समोरच्या माणसाची कित्येक वर्षं त्या एका वाक्यावर टांगलेली असतात, आणि ते वाक्य पुरतं कळणं हा त्याचा हक्क आहे.