वाघोराच्या दरीत सत्तावीस जण

अजिंठा म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे पद्मपाणी उभा राहतो, सव्वीस क्रमांकाच्या लेण्यातले तथागतांचे महापरिनिर्वाण उभे राहते. ज्या दरीच्या पोटात हे सारे कोरले गेले, ती दरी मात्र घरी आल्यावर फारशी कोणाला आठवत नाही. त्याचे कारण साधे आहे. आपण जातो ते मुलांच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, नाहीतर दिवाळीनंतर. उन्हाळ्यात वाघोरा नदी कोरडी ठणठणीत असते आणि कातळ तव्यासारखा तापलेला असतो. हीच दरी श्रावणात पाहिली तर ओळखू येत नाही. घोड्याच्या नालासारखा वळलेला, सुमारे अडीचशे फूट उंचीचा काळा कडा, त्याच्या कपाळावरून जागोजागी सुटलेल्या पाण्याच्या पांढऱ्या धारा, आणि दरीच्या टोकाला सात टप्प्यांनी खाली येणारा सातकुंडाचा धबधबा. याच पाण्याने हजारो वर्षे कातळ कापून दरी केली, आणि पुढे माणसाने त्याच कातळात लेणी केली. हे पाणी नंतर वाघूर नदीच्या वाटेने तापीला मिळते.

आमच्या विहाराची सहल यंदा वर्षावासातच काढायची, असे ठरले त्याला एक निमित्त होते. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे दर रविवारी वाचन चालते. मुख्य ग्रंथ अर्थातच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. मधूनमधून एखादे सुत्तही घेतो. मज्झिमनिकायातले चौथे सुत्त, भयभेरवसुत्त, वाचले त्या दिवशी चर्चा फार रंगली. या सुत्तात भगवंत जानुस्सोणी ब्राह्मणाला संबोधीच्या आधीचे आपले अनुभव सांगतात. चतुर्दशी, पौर्णिमा, अष्टमीच्या रात्री ते मुद्दाम भीती वाटेल अशा रानातल्या जागी जाऊन राहत. एखादे हरीण यायचे, मोराच्या पायाने काटकी पडायची, वाऱ्याने पाचोळा सळसळायचा, आणि मनात भय यायचे. मग त्यांनी काय केले? चालताना भय आले तर ते जाईपर्यंत चालतच राहिले. उभे असताना आले तर उभेच राहिले. बसले असताना आले तर उठले नाहीत. मंत्र नाही, ताईत नाही, कोणाचा धावा नाही.

त्या दिवशी प्रत्येकाने आपापले भय सांगितले. कोणाला उंचीचे, कोणाला पाण्याचे, कोणाला अंधाराचे. एका रिक्षाचालक बंधूंची मुलगी पोलीस भरतीची तयारी करते आहे. ती म्हणाली, "धावण्यात मी मुलांना मागे टाकते, पण गच्चीच्या कठड्याशी गेले की पाय लटपटतात." कोणीतरी म्हणाले, भिक्खू अशाच एका दरीत पावसाळा काढत होते, ती आपल्यापासून साठ किलोमीटरवर आहे आणि आपण ती पावसात पाहिलेलीच नाही. झाले, नावे लिहायला सुरुवात झाली. सत्तावीस नावे झाली. त्यात चौदा महिला, सहा मुले आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक आजी. २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे भाडे आहे आणि आजींसारख्यांना २०२२ पासून प्रवासच मोफत, त्यामुळे जमाखर्चाची वही सांभाळणाऱ्यांचा जीव हलका झाला.

जळगावहून सकाळच्या गाडीने निघालो आणि फर्दापूरच्या तिठ्यावर उतरलो. खासगी गाड्या तिथेच थांबतात. तिथून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर वेगळ्या बसने जायचे असते. बसमध्ये मुलांनी बुद्धगीते म्हटली. नदीवरच्या पुलाशी पोचलो आणि मंडळी गप्प झाली, कारण तोवर दरीचा आवाज कानावर आला होता.

पुलावर आजींनी आमच्यातल्या एका ताईंचा दंड धरला आणि हळूच म्हणाल्या, "सात कुंडं आहेत म्हणे वर. सात म्हणजे साती आसराच की गं." खेड्यात वाढलेल्या वाचकांना आसरा सांगायला नकोत. डोहात राहणाऱ्या सात जणी, पोहायला आलेल्याला पाय धरून ओढून नेणाऱ्या. त्यांच्या नावाने डोहाकाठी शेंदूर, हळदकुंकू, खणनारळ. आजींनी बालपणीच, १९५६ नंतर गावात झालेल्या सामुदायिक दीक्षेत, आईवडिलांबरोबर बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत. घरात देव्हारा नाही, गंडादोरा नाही. तरीही डोहाचे पाणी दिसले की सात वर्षांच्या मुलीला सांगितलेली गोष्ट अजून जागी होते. आमच्यातल्या एका तरुणाला हसू आले. त्याला तिथेच गप्प केले. प्रतिज्ञा तोंडाने घ्यायला काही मिनिटे लागतात, पोटात शिरलेली गोष्ट बाहेर पडायला कधी कधी सत्तर वर्षेही पुरत नाहीत. हसून ती निघत नाही.

आधी समोरच्या डोंगरावर चढायचे, दरी वरून पाहायची आणि मग लेणी, असा बेत होता. याच बाजूच्या उंचवट्यावरून २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला, वाघाच्या शिकारीला आला असताना, दहा क्रमांकाच्या लेण्याची कमान दिसली. "शोध लागला" असे पुस्तकांत छापतात. आमच्या मते हा शब्द बरोबर नाही. आसपासच्या गावांतली माणसे ही दरी आणि ही लेणी ओळखतच होती. त्यांनी खांबावर आपले नाव कोरून ठेवले नाही, एवढेच. स्मिथसाहेबाने मात्र ते कोरले.

चढ खडा आहे. पायऱ्या आहेत, पण पावसात शेवाळलेल्या. काही ठिकाणी तर पायऱ्यांवरूनच ओहोळ वाहत होते. भरतीवाली मुलगी तिसरा हिस्सा चढली आणि थांबली. डाव्या हाताला दरी उघडी झाली होती, त्या बाजूला तिची नजर गेली. चेहरा पांढराफटक पडला, घाम फुटला, आणि ती डोंगराकडे पाठ लावून मटकन खाली बसली. वडील म्हणाले, "चल बेटा, परत जाऊ." एक काका म्हणाले, "पोलीस होणार ना तू? ऊठ!" दोघांनाही आमच्या ताईंनी हाताने थांबवले. एक जण तिच्या वरच्या पायरीवर, एक जण खालच्या पायरीवर, अशा दोघी बसल्या. बाकीच्यांना पुढे जायला सांगितले, कारण बघ्यांसमोर भय दुप्पट होते. ताईंनी तिला एवढेच विचारले, "कुठे वाटतंय?" ती म्हणाली, "पोटात. आणि गुडघ्यात." "मग तिथे असू दे. आपल्याला काही घाई नाही."

पाच-सात मिनिटे गेली असतील. घड्याळ कोणी पाहिले नाही. मग मुलगी आपणहून उठली. तोंड डोंगराकडे, नजर फक्त पुढच्या पायरीवर, एक पाय पक्का टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही, अशी ती चढत गेली. वर गेल्यावर सगळे कठड्याशी गेले, ती दहा-बारा हात मागे उभी राहिली. नंतर पाच हातांवर आली. कठड्याला तिने हात लावला नाही, पण दरी पाहिली. उतरताना तर ती बऱ्याच पायऱ्या बसूनच उतरली, नवीन सलवारीचे वाटोळे झाले. आम्ही हे मुद्दाम लिहितो आहोत. एका सहलीत भीती पळून गेली असे लिहिणे सोपे असते, पण तसे झाले नाही. ती भीतीसकट वर गेली आणि भीतीसकट खाली आली.

वरून जे दिसले ते सांगायला शब्द तोकडे आहेत. लेण्यांची सगळी ओळ एका नजरेत येते, डावीकडून उजवीकडे, कड्याच्या कमरेला बांधलेल्या करगोट्यासारखी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून वाहिलेल्या लाव्हाचे थर एकावर एक दिसतात. हा कातळ फोडणाऱ्यांनी काम छतापासून सुरू केले आणि ते खाली उतरत गेले. प्रत्येक लेण्यातून नदीपर्यंत स्वतंत्र पायऱ्या होत्या, म्हणजे भिक्खूंचे रोजचे पाणी हेच. सातव्या शतकात महाराष्ट्रात आलेल्या ह्युएन त्संगने पूर्व सीमेवरच्या डोंगरातल्या, अंधाऱ्या दरीतल्या विहाराचे वर्णन लिहून ठेवले आहे आणि तो अचल नावाच्या अर्हताने उभारल्याचे सांगितले आहे. सव्वीस क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखातही स्थविर अचलाचे नाव आहे. ढग खाली उतरले तेव्हा त्या "अंधाऱ्या दरी"चा अर्थ कळला. समोरची लेणी पाच मिनिटे दिसेनाशी झाली, फक्त पाण्याचा घोष उरला.

खाली आल्यावर तरुणांनी सातकुंडाच्या डोहापर्यंत जायचा हट्ट धरला. रखवालदाराने अडवले. "पैसे भरून आलोय," "आम्हाला पोहता येतं," वगैरे नेहमीची वादावादी झाली. आम्ही रखवालदाराच्या बाजूने उभे राहिलो. दरीत ऊन असले तरी वरच्या पठारावर, लेणापूरच्या बाजूला, सर कोसळलेली असू शकते. ते सगळे पाणी या एकाच घळीतून खाली येते आणि बघता बघता डोहाची पातळी वाढते. गोटे गुळगुळीत असतात, पाण्याखाली भोवरा दिसत नाही. मोबाईलवर फोटो काढण्याच्या नादात धबधब्यांवर दर पावसाळ्यात जीव जातात, त्यात आपलीही मुले असतात. आसरा पाय ओढत नाहीत, पण पाणी ओढते. या भीतीला भित्रेपणा म्हणू नये. तरुण मंडळी फुरंगटली, पण डबे उघडल्यावर विसरली.

जेवण नदीकाठच्या बागेजवळ झाले. भाकरी, भरीत, ठेचा आणि कोणीतरी आणलेली बालूशाही. पुलाजवळ एके ठिकाणी पाणी जेमतेम घोट्याएवढे होते आणि सपाट कातळावरून वाहत होते. लहान मुले तिथे हात धूत होती. आजी आल्या, वाकल्या, आणि हात पाण्यात घालण्याआधी त्यांनी मान वळवून मागे पाहिले. मग उजवीकडे. मग हात घातला. ज्यांनी पाहिले त्यांना क्षणभर काही समजले नाही. त्यांच्या शेजारच्या ताईंनी विचारले, "आसरा पाहता का आजी?" आजी म्हणाल्या, "नाही गं. सवय आहे." लहानपणी गावच्या विहिरीशी त्या आईबरोबर घागर घेऊन लांब उभ्या राहायच्या. कोणी दया करून वरून पाणी ओतले तर घागर भरायची. एकदा तहानेने त्यांनी दोणीत हात घातला, तेव्हा जो ओरडा झाला तो अजून कानात आहे. "पाण्याला भीत नाही मी," त्या म्हणाल्या, "ओरडणाऱ्याला भिते."

जेवणारे थांबले. मग एका शिक्षक बंधूंनी मुलांना दौलताबादची हकिकत सांगितली. १९३४ साली बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. ती सुद्धा आपल्यासारखीच सहल. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून थांबले. दाराशी काठोकाठ भरलेला हौद होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही जणांनी त्यात हातपाय धुतले. लगेच मागून एक म्हातारा ओरडत आला, हौद बाटवला म्हणून. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती एका हत्यारबंद शिपायाच्या पहाऱ्यात, आत कुठे पाण्याला हात लागू नये म्हणून. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी ओंजळीत घेतलेल्या, परदेशातल्या विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेल्या माणसाबरोबर हे सात वर्षांनी झाले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात बाबासाहेबांनी ते स्वतः लिहिले आहे. मुलांनी ऐकले. त्यांतला एक चौथीतला मुलगा उठला, पाण्याशी गेला आणि आजींना म्हणाला, "आजी, मी मागे उभा राहतो. तुम्ही धुवा." आजी हसल्या, पदर खोचला आणि पाय सोडून चांगल्या अर्धा तास पाण्यात बसल्या. त्यांना तिथून उठवताना बस चुकायची वेळ आली.

लेण्यांत वेळ थोडा उरला, त्यामुळे निवडक पाहिली. एक, दोन, चार, नऊ, दहा, सतरा आणि सव्वीस. चार क्रमांकाचा विहार अजिंठ्यातला सर्वांत मोठा, पण अपुरा राहिलेला. तिथे एक शिल्प आहे, ते घाईतले लोक सोडून जातात. मध्ये अवलोकितेश्वर बोधिसत्त्व आणि भोवती अष्टमहाभये. अंगावर येणारा हत्ती पाहावा आणि त्याच्यापुढून जीव घेऊन पळणारी माणसे पाहावी. त्या काळातले व्यापारी घाट चढून, जंगल तुडवून जात. त्यांची भये त्यांनी दगडात मांडून ठेवली. आम्ही कोणा तारणहाराचा धावा करणारे नाही, बाबासाहेबांनी आम्हाला ती वाट दिलेली नाही. पण आपले भय काय आहे ते नाव घेऊन सर्वांसमोर मांडणे, हे त्या शिल्पकाराला जमले होते असे वाटले. तिथे मुलींनी पैजेवर यादी केली, आजची आठ भये कोणती. परीक्षेचा निकाल, रात्रीची बस, आडनाव विचारले जाणे, नोकरीतले कंत्राट. आठाच्या पुढे गेली तेव्हा थांबवली. दहा क्रमांकाच्या चैत्यगृहात स्तूपासमोर सर्वांनी त्रिसरण-पंचशील घेतले. इसवी सनापूर्वीच्या त्या कमानीखाली सत्तावीस आवाज असे घुमले की पर्यटकही थबकले. सकाळपासून सर्वांना धीर देत फिरणारे आमचे निवृत्त रेल्वेवाले काका मात्र त्याच वेळी डोक्यावरून गेलेल्या वटवाघळाने दचकून दोन पावले मागे सरले. अष्टमहाभयांत नववे कोणते, यावर परतीच्या बसमध्ये फर्दापूरपर्यंत हशा चालला होता.

जी मंडळे जाऊ इच्छितात त्यांच्यासाठी दोन शब्द. सोमवारी लेणी बंद असतात. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. पावसात गुळगुळीत तळाच्या चपला नकोत, पकड धरणारे बूट हवेत. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, हात मोकळे राहतात. समोरचा डोंगर चढायचा तर तो सकाळी चढावा, आणि ज्यांना चढायचे नाही त्यांच्यासोबत खाली कोणीतरी थांबावे. चित्रांच्या लेण्यांत कॅमेऱ्याचा प्रकाश पाडू नये.

जमाखर्चात शिल्लक राहिलेली रक्कम विहाराच्या वाचनालयाला दिली. पुढच्या वर्षावासात कन्नडजवळच्या पितळखोऱ्याला जायचे घाटते आहे. तिथेही दरी आहे, पाणी आहे, आणि लेण्यांसाठी बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात. भरतीवाल्या मुलीने, पायऱ्या उतरायच्या की चढायच्या, असे दोनदा विचारून घेतले आणि नाव लिहिले. आजींनी तर लिहिणाऱ्याला आधीच बजावून ठेवले आहे.