थोरली पाती, धाकटी पाती आणि चार्जरची वायर

आमच्या देवासला एकेकाळी एकाच गावात दोन राजे नांदत होते. थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन्ही पवारांचीच. दोन दरबार, दोन राजवाडे, आणि गावाचीही वाटणी. १९४८ साली दोन्ही संस्थानं मध्यभारतात विलीन झाली आणि तो कारभार संपला. पण मला विचाराल तर त्या वाटणीचा एक तुकडा अजून शिल्लक आहे, आणि तो घरोघरच्या मोटारीत आहे. पुढची सीट थोरली पाती, मागची सीट धाकटी पाती. एसीची झोत थोरल्या पातीला, गाण्यांची निवड थोरल्या पातीची, आणि चार्जिंगचं सॉकेट तर शंभर टक्के थोरल्या पातीचं.

माझं माहेर धारचं, सासर देवासचं. दोन्ही पवारांचीच गावं, त्यामुळे लग्नात "राज्यातल्या राज्यातच दिली" अशी थट्टा झाली होती. अंतर शंभरएक किलोमीटर. देवासहून निघायचं, इंदूरला बायपासने वळसा घालायचा, मग बेटमा, घाटाबिल्लोद आणि धार. वडील गेल्यापासून आई तिथे एकटी आहे. त्यामुळे पंधरा दिवसांतून एक रविवार हा रस्ता ठरलेला. हे गाडी चालवतात, शेजारी मुलगा, मागे मी आणि सासूबाई.

आता पुढची तारांची जत्रा ऐका. नकाशासाठी ह्यांचा फोन, त्याची वायर गिअरवरून आडवी. मुलाचा फोन, त्याची वायर हँडब्रेकला वेटोळं घालून. काचेवरच्या कॅमेऱ्याची तिसरी, ती वरून वेलीसारखी लोंबणारी. मागून "माझा फोन जरा लावा हो" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "पोहोचल्यावर लाव की." यात दुष्टपणा काही नाही. वायर मागे पोहोचतच नाही, तर लावणार कशी? पण गाडी घेताना, वायर घेताना मागच्या माणसांचा विचार कुणाच्या मनातच आला नाही, हेही तितकंच खरं.

मागच्या वर्षी पावसाळ्यात आम्ही असेच धारहून परत निघालो. बेटम्याच्या आसपास माझा फोन मालवला. सासूबाईंचा तर सकाळीच झोपला होता. इंदूर ओलांडून देवासला घरी आल्यावर फोन लावला, तर शेजारच्या काकूंचे सात मिस्ड कॉल. आम्ही निघाल्यावर अर्ध्या तासात आई अंगणात घसरून पडली होती. मनगट मोडलं होतं. काकूंनीच रिक्षा करून दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईस्तोवर थांबल्या. त्यांच्याकडे नंबर फक्त माझा होता. आम्ही बेटम्याहून उलटे फिरलो असतो तर तासाभरात आईजवळ असतो. आई नंतर म्हणाली, "तू येऊन हाड थोडंच जुळवणार होतीस?" बरोबर आहे तिचं. पण प्लास्टर घालताना तिचा दुसरा हात कुणीतरी धरायला हवा होता, आणि तो शेजारणीने धरला.

त्याच आठवड्यात मी एका गाडी-सजावटीच्या दुकानात गेले. म्हटलं, मागच्या सीटपर्यंत चार्जिंग हवं, आणि वायर कुठे लोंबायला नको. पोरगा हुशार होता, हात चपळ. तो म्हणाला, "आंटी, पूरी छुपा दूँगा, दिखेगी ही नहीं." आणि पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबाचं प्लास्टिक उचकटायला निघाला. तिथून छताच्या कडेने नेऊन मागे उतरवायचा त्याचा बेत.

मी त्याला थांबवलं. गाडीबरोबर येणारं जाडजूड पुस्तक आपल्याकडे कुणी वाचत नाही, मी मात्र आदल्या रात्री काढून बसले होते. आमच्या गाडीत दारांच्या वर, छताच्या कडेला पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग आहेत. घडी घालून त्या त्या अस्तराच्याच मागे बसवलेल्या असतात, आणि धडक झाली की डोळ्याची पापणी लवायच्या आत बाहेर येतात. त्यांच्या तोंडाशी वायर आडवी आली तर बॅग नीट उघडणार नाही, किंवा ती वायरच फटकारा होऊन तोंडावर येईल. पोरगा म्हणाला, "सब ऐसे ही लगवाते हैं." लावत असतील. मी नाही म्हटलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी आपल्या गाडीच्या खांबावर आणि सीटच्या कडेवर 'एअरबॅग' असं कोरलेलं आहे का, एवढं तरी बघून घ्यावं.

मग आम्ही दोघांनी मिळून खालचा रस्ता शोधला. सॉकेट पुढे, गिअरच्या खाली. तिथून वायर मधल्या कन्सोलच्या डाव्या कडेने, गालिच्याच्या काठाखालून मागे. डावीकडूनच का, तर उजवीकडे चालवणाऱ्याचे पाय आणि ब्रेक. वायर सुटून पेडलखाली गेली तर काय होईल, हे सांगायला नको. डाव्या सीटच्या खाली मात्र सांभाळायचं. ती सीट रुळांवर पुढेमागे सरकते आणि रुळात सापडलेली वायर चार दिवसांत सोलवटते. म्हणून रूळ टाळून वायर कन्सोललाच चिकटवून घेतली, सीट अगदी पुढे, अगदी मागे सरकवून बघितली, आणि मगच पक्की केली. मागे वीतभर ढिली ठेवली. ताणून बसवलेली वायर पिनेच्या मानेपाशी तुटते, आपली इस्त्रीची तुटते तशीच.

पक्की कशाने करायची, हाही प्रश्न होता. दुकानात चिकटपट्टीच्या छोट्या क्लिपा मिळतात, दिसतात छान. पण माळव्याचा मे महिना आणि उन्हात उभी गाडी! गोंद पाघळून क्लिपा गळून पडतात. वेल्क्रोच्या पट्ट्या टिकल्या. एका ठिकाणी पट्टी कमी पडली तिथे मी नव्या परकराची नाडी कापून बांधली. आजतागायत सुटलेली नाही.

वायर दोन मीटरची घेतली, जरा जाड आणि चांगल्यातली. लांब आणि बारीक तार असली की वीज वाटेतच खर्ची पडते आणि फोन नुसता 'चार्जिंग' दाखवत बसतो. त्या पोराने आणखी एक सल्ला दिला होता: "फ्यूज बड़ा डाल दूँ?" एका सॉकेटवर चार फोन चालावेत म्हणून. हे तर मुळीच करू नका, मैत्रिणींनो. पंधराचा निळा फ्यूज काढून वीसचा पिवळा घातला की फ्यूज उडत नाही हे खरं. पण फ्यूज उडतो तो तार वाचवायला. तो उडाला नाही तर तार तापते, आणि ती तार गालिच्याखाली असते.

देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांकडे १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज लेखक खासगी सचिव होते. पुढे १९५३ साली त्यांनी 'द हिल ऑफ देवी' नावाचं पुस्तक लिहिलं, त्यातली टेकडी म्हणजे आमची चामुंडा मातेची टेकरी. बागा, मोटारी आणि वीजघर ही खाती त्यांच्याकडे होती म्हणे. मोटार आणि वीज दोन्ही एकाच माणसाच्या हाती! लेखकाला हे काम काय जमलं असेल ते असो. पण ते वाचल्यापासून मी ह्यांना सांगते की देवासात हे खातं साहित्यिकांकडेच असतं.

हे हसतात. त्यांची वायर अजून गिअरवरून आडवीच जाते, तिला हात लावू देत नाहीत. मी आता त्यासाठी भांडत नाही. काचेवरच्या कॅमेऱ्याची वायर मात्र काढून खालून घेतली, कारण ती नजरेच्या आड येत होती.

सासूबाईंना पहिल्या दिवशी मागे पिन हातात दिली तेव्हा त्या म्हणाल्या, "ही माझी? कुणाला द्यायची नाही ना?" सत्तरी ओलांडलेल्या बाईने असं विचारावं! मी म्हटलं, "तुमची आणि माझी." आता त्या गाडीत बसल्या बसल्या आधी फोन लावतात, मग पट्टा. तो क्रम उलटा करायला मला महिना लागला.

एक काम अजून उरलं आहे. सासूबाईंचा आणि माझा फोन टाइप-सीचा. युरोपात तर २०२४ च्या डिसेंबरपासून नव्या फोनना तीच पिन सक्तीची केली आहे, म्हणजे हळूहळू सगळीकडे एकच होईल. पण आईचा फोन जुना, बारीक पिनेचा, आणि ती तो बदलायला तयार नाही. मनगट सुटलं की ती आमच्याबरोबर देवासला यायची आहे, मागे आम्हा दोघींच्या मध्ये बसून. तिच्यासाठी वायरच्या टोकाला लावायची छोटी जोडपिन आणली आहे. ती हरवू नये म्हणून दोऱ्याने वायरलाच बांधून ठेवली आहे.